चौदा, सोळा, वीस

हिनेराऊ डोंगरावरून उतरली तेव्हा
बुटांत खडी होती तिच्या,
आणि पाठपिशवीत चार बटरकप,
जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबलेले.
एक खिंडीच्या अलीकडचं, एक पलीकडचं,
एक बर्फाच्या वितळत्या काठावरचं,
आणि एक जे, तिच्या मते,
तिथे असायलाच नको होतं.

मला फुलांतलं काही कळत नाही.
मी क्राइस्टचर्चमध्ये तिसऱ्या मजल्यावर बसतो,
खिडकी दक्षिणेला, म्हणजे इथे
ऊन न येणाऱ्या बाजूला.
माझ्यापर्यंत फूल पोचतं तेव्हा
त्याचा रंग गळून गेलेला असतो, उरतं ते अंतर:
याच्या-त्याच्यात इतक्या जागी अक्षर बदललं, एवढंच.

क ते ख सात. ग ते घ सात.
क ते ग सहा. ख ते घ दहा.
क ते घ नऊ, ख ते ग अकरा.

अंतराला शिस्त एकच:
वाटेत कुणाकडे डोकावून गेलात
तर प्रवास कमी भरत नाही.
हे इथल्या मेंढ्यांनाही ठाऊक आहे.
झाडाची शिस्त कडक.
चौघांच्या जोड्या लावा, तीन तऱ्हांनी,
बेरजा मांडा;
मोठ्या दोन बेरजा तंतोतंत सारख्या हव्यात,
कारण दोघीही मधली फांदी
दोन-दोनदा ओलांडतात.

चौदा. सोळा. वीस.

पुन्हा केली बेरीज. पेन्सिलीने, मग बोटांवर.
"चुकलंय कुठेतरी," मी म्हणालो.
ती चहात बिस्किट बुडवत होती.
"कुणाचं?"

मग तिने तंबूचं सांगितलं.
वर वारा असा, की एक दोरी सैल राहिली
तरी रात्रभर कापड फडफडतं, झोप नाही.
ती चारी खुंट्यांभोवती फिरते,
जिथे ढिलाई सापडेल तिथे ओढते,
ओढत राहते,
आणखी ओढलं तर खुंटी उपटेल तिथवर.
मी वहीत तेच करत होतो, तिला माहीत नसताना:
चार नावांमध्ये ताणून बसवायचं
सगळ्यांत तंग कापड,
ज्याच्या एकाही बिंदूपाशी
ढिलाईचं एक बोट शिल्लक नाही.

विसातून सोळा गेले, चार; निम्मे, दोन.
विसातून चौदा गेले, सहा; निम्मे, तीन.
मध्ये फांदी नाहीच.
मध्ये चौकट, दोन बाय तीनची,
आणि कोपऱ्यांतून निघालेल्या चार दोऱ्या:
एक, चार, दोन, तीन लांबीच्या.
चौकटीच्या आत कुठेही उभे राहा,
क कडे जितके सरकाल
तितकेच घ ला दुरावाल.
कुणाला फुकट जवळ करता येत नाही.

"आमच्यात मूल दुसऱ्या घरी वाढवायला देतात,"
ती खिडकीकडे बघत म्हणाली. "फांगाई म्हणतात.
मला आत्याकडे दिलं होतं, सातव्या महिन्यात.
पूर्वजांची नावं घेताना मी दोन्हीकडून येते.
वेळ लागतो जास्त. म्हणतात,
पण थांबतात सगळे."

मी घाईने सांगितलं, असं लगेच म्हणता येत नाही;
चौकट निघाली म्हणजे संकरच, असं नाही.
कधी नुसता गोंगाट असतो अक्षरांचा,
कधी नमुनाच डागाळलेला.
अजून फुलं हवीत. चार ही काय संख्या झाली?
ती हो म्हणाली. पण माझं बोलणं
मलाच जरा सैल वाटलं.

निबंधासाठी झाड मागितलं होतं संपादकांनी,
बुंधा खाली, काळ वर, सुटसुटीत.
मी चौकट पाठवली.
अजून उत्तर नाही.

जाताना तिने वर्तमानपत्र परत मागितलं.
मागच्या पानावरचं शब्दकोडं अर्धं राहिलं होतं,
आडवे शब्द लागलेले, उभ्यांतला एक अडलेला.
त्याच्या रिकाम्या चौकोनांवर
पाकळीचा पिवळा डाग पडला होता,
चारही घरांत थोडा थोडा.